कुणाचा रे तू?

जांब समर्थला जायचं तर पासवर्ड लागत नाही. गावात शिरताना पारावर चार-पाच म्हातारे बसलेले असतात. त्यांतला एक जण कपाळावर हात आडवा धरतो, एक डोळा बारीक करतो आणि विचारतो, "कुणाचा रे तू?" उत्तर बरोबर आलं की पुढची सगळी दारं उघडतात. चहा मिळतो, जेवण मिळतं, मुक्कामाला घोंगडी मिळते आणि अडल्या वेळी पाचशे रुपये उसनेही मिळतात. उत्तर जमलं नाही तरी चहा मिळतोच. फक्त मग संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला ठाऊक होतं की एक परका माणूस निळी पॅन्ट घालून आला आहे, त्याच्या डाव्या बुटाची नाडी सुटलेली आहे आणि तो बहुतेक विमा विकायला आला असावा.

रामनवमीला माझा भाचा आजोळी आला. जालना जिल्ह्यातलं हे रामदासस्वामींचं जन्मगाव, त्यांचा जन्मही 1608 च्या रामनवमीचा, त्यामुळे त्या दिवसांत गावात गर्दी असते. भाचा पुण्यात वाढलेला. तो एका कंपनीत काम करतो, आणि ती कंपनी नेमकं काय करते हे मला चार वर्षांत चार वेळा समजावून सांगून झालेलं आहे. तो म्हणतो, "मामा, आम्ही लोकांना त्यांची ओळख परत देतो." मी दर वेळी विचारतो, "पण नेली कुणी होती?" त्यावर तो हसतो आणि लॅपटॉप उघडतो, म्हणजे आणखी अर्धा तास जातो.

तर पारावर आबांनी त्याला अडवलं. "कुणाचा रे तू?"

भाच्याने आपलं पूर्ण नाव सांगितलं, कंपनीचं नाव सांगितलं, हुद्दा सांगितला.

"ते नाव झालं," आबा म्हणाले. "कुणाचा?"

मी मधे पडलो. "आबा, आपल्या ताईचा थोरला."

"मग तसं सांग की! उगं विंग्रजी कामून बोलायलास?" आणि बाजूला सरकून त्यांनी त्याला बसायला जागा केली.

भाचा बसला, पण त्याचा चेहरा उजळला होता. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "मामा, हे तर डिसेंट्रलाइज्ड आहे!" त्याचं म्हणणं असं, की इथे माझी ओळख कुठल्याही सरकारी कचेरीच्या कपाटात नाही. ती या पाच म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहे, प्रत्येकाकडे एक प्रत. उद्या एकाने म्हटलं की हा ताईचा नाही, आक्काचा, तर बाकीचे चौघं त्याला खोटं पाडतील. पाचांतला एक देवाघरी गेला तरी चार प्रती शिल्लक. ब्लॉकचेन म्हणजे तरी दुसरं काय? सगळ्यांकडे एकच वही, कुणा एकाच्या मालकीची नाही, आणि एकदा लिहिलेलं खोडायची सोय नाही.

तो असं बोलत होता तेवढ्यात आबांनी पुढचा प्रश्न टाकला. "तुझ्या बापानं पुण्यात फ्लॅट घेतला म्हणं. कर्ज किती राह्यलं?"

भाच्याचा उजळलेला चेहरा मावळला. वही सगळ्यांकडे असली की सगळे ती वाचतात, ही गोष्ट त्याच्या कंपनीने त्याला एवढ्या स्पष्टपणे सांगितली नसावी.

खरं तर ब्लॉकचेनवरच्या पैशाचं दुखणं नेमकं हेच आहे. लोकांना वाटतं तिथे सगळं गुपचूप चालतं. चालतं ते टोपणनावाने. नावाऐवजी अक्षर-आकड्यांची एक लांबलचक माळ असते आणि त्या माळेने कुणाला किती दिले, कुणाकडून किती घेतले, हे जगातला कुणीही उघडून पाहू शकतो. टोपणनावामागचा माणूस कळेपर्यंत ठीक. एकदा कळला की त्याचा आजवरचा सगळा हिशेब उघडा. आमच्या गल्लीतले एक काका लहानपणी यष्टीच्या टपावरून पेरूच्या पाटीत पडले. त्यांना तेव्हापासून 'पेरू' म्हणतात. त्यांच्या नातीच्या लग्नातही म्हणत होते. खोडता येत नाही. 22 मे 2010 ला अमेरिकेत एका माणसाने दोन पिझ्झांसाठी दहा हजार बिटकॉइन मोजले, तो व्यवहार आजही जशाच्या तसा दिसतो आणि दर वर्षी त्या तारखेला लोक तो आठवून हळहळतात. आमच्याकडेही हॉटेलवाला उधारी लिहून ठेवतो. पण त्याच्या वहीला निदान पावसात भिजायची सवलत असते.

बिटकॉइन काढणारा माणूस मात्र हुशार. सातोशी नाकामोतो या नावाने त्याने 2008 मध्ये कागद लिहिला, 3 जानेवारी 2009 ला पहिली नोंद केली आणि 2011 नंतर तो जो गप्प झाला तो झालाच. तो कुणाचा, हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही. त्याला एकदा आमच्या पारावर आणून बसवायला हवं. आबा दहा मिनिटांत मामाचं गाव काढतील.

सरकारला हे प्रकरण कसं वागवावं ते बराच काळ कळेना. 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की यांच्याशी संबंध ठेवू नका. 4 मार्च 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर बसला आणि व्यवहारावर 1 टक्का कपात, पण चलन म्हणून मान्यता नाही ती नाहीच. म्हणजे सून म्हणून घरात घ्यायची नाही, आहेर मात्र मोजून घ्यायचा. मार्च 2023 मध्ये हे व्यवहार करणाऱ्या कंपन्यांना काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धच्या कायद्याखाली आणलं आणि गिऱ्हाइकाची ओळख तपासणं सक्तीचं झालं. आता निनावी राहायला जन्मलेलं हे नाणं विकत घ्यायचं तर आधार लागतं, पॅन लागतं, आणि स्वतःचा हलता चेहरा लागतो.

तो हलता चेहरा मी एकदा दिलेला आहे. भाच्याच्या आग्रहाखातर पाचशे रुपयांचं नाणं घ्यायचं ठरलं होतं. घरात रेंज नव्हती म्हणून मी बांधावर गेलो. फोन म्हणाला, डावीकडे बघा. बघितलं. उजवीकडे बघा. बघितलं. डोळे मिचकावा. मिचकावले. हसा. हसलो. शेजारच्या रानात बायका खुरपत होत्या आणि माझ्या डावीकडे नेमक्या त्याच होत्या. फोनला माझी ओळख लगेच पटली नाही. गावाला मात्र त्या दिवशी ती नव्याने पटली, आणि बायकोला ती पटायला संध्याकाळचे साडेसहा वाजले.

भाचा म्हणतो, ही सगळी पद्धतच चुकीची आहे. तुम्ही सज्ञान आहात का, एवढंच कुणाला जाणून घ्यायचं असतं, आणि तुम्ही त्याला अख्खं आधारकार्ड देता. त्यावर जन्मतारीख, वडिलांचं नाव, पत्ता, फोटो. फोटोबद्दल मी काही बोलत नाही. पण आजवर माझ्या आधारच्या किती झेरॉक्सा जगात फिरत असतील याचा एकदा हिशेब मांडायला बसलो. सिमकार्डाला तीन, गॅसला दोन, लॉजवर एक, ठिबकच्या अनुदानाला दोन, पीकविम्याला दर वर्षी एक, एका लग्नाच्या मंगल कार्यालयाला एक (का, ते आजही माहीत नाही), मग नाद सोडला. देशातलं पहिलं आधार आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत 29 सप्टेंबर 2010 ला दिलं गेलं. पहिल्या झेरॉक्सची तारीख कुणी नोंदवलेली नाही, पण ती 30 सप्टेंबर असावी असा माझा अंदाज आहे.

मला हे वाड्याच्या भाषेत कळतं. जुन्या वाड्यात माणसाला किती आत घ्यायचं याचे ठरलेले टप्पे होते. वसुलीला आलेला ओट्यावर. तलाठी ओसरीवर, त्याला सतरंजी. व्याही आला तर बैठकीत. माजघरात फक्त घरचे, आणि देवघरात सोवळ्यातले. कुणालाही वाईट वाटत नसे, कारण ज्याचं जेवढं काम तेवढीच त्याला जागा. 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. म्हणजे माजघर हा हक्क आहे. पण झेरॉक्स घेणारा सरळ चुलीपाशी येऊन बसतो आणि वर विचारतो, दोन्ही बाजू काढल्यात ना?

भाच्याच्या कंपनीची युक्ती अशी. दाखला देणारा एक, तो जवळ बाळगणारा दुसरा आणि तपासणारा तिसरा. देणारा त्यावर अशी सही करतो की तिची नक्कल होत नाही. तपासणाऱ्याने सही पाहायची, देणाऱ्याला फोन करून विचारायची गरज नाही. जगभरच्या वेबचे नियम ठरवणाऱ्या मंडळाने अशा ओळखीचा आराखडा जुलै 2022 मध्ये मान्यही केला. ऐकल्यावर मी म्हटलं, अरे, ही तर ओळखीची चिठ्ठी! माझे वडील संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, शिकायला गेले तेव्हा मास्तरांनी चिठ्ठी दिली होती की पत्र घेऊन येणारा मुलगा सालस आहे. समोरच्याने मास्तरांचं अक्षर ओळखलं आणि वडिलांची खोलीची सोय झाली. चिठ्ठीत वडिलांची जमीन किती, भावंडं किती, रक्तगट कोणता, यातलं काही नव्हतं. गणितात नापास झाले होते, तेही नव्हतं.

यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे काहीच न सांगता सिद्ध करणं. वय न सांगता सज्ञान असल्याचं सिद्ध करायचं, शिल्लक न सांगता पुरेशी शिल्लक असल्याचं सिद्ध करायचं. भाचा फळ्यावर गणित मांडायच्या बेतात होता. आबांनी त्याला थांबवलं, खांद्यावरचा रुमाल काढला, त्याचा उजवा हात हातात घेतला, दोन्ही हातांवर रुमाल टाकला आणि म्हणाले, "बैल घेतलास कधी?"

बैलबाजारात भाव असाच ठरायचा. दोघांचे हात रुमालाखाली. बोटं धरायची, दाबायची, सोडायची. कोणतं बोट म्हणजे शेकडा, कोणतं म्हणजे हजार, हे दोघांना माहीत. भोवती पन्नास माणसं उभी. सौदा चाललाय हे सगळ्यांना दिसतं. घेणारा मान हलवतो, दलाल डोळे वटारतो, पुन्हा बोटं दाबली जातात. शेवटी रुमाल उचलला जातो, टाळी पडते, गुलाल उधळला जातो. सौदा झाला याला पन्नास साक्षीदार, आणि केवढ्याला झाला हे दोघांनाच ठाऊक. उद्या कुणी म्हणालं की सौदा झालाच नाही, तर पन्नास तोंडं उघडतील. कुणी म्हणालं की भाव सांगा, तर एकही उघडणार नाही. भाचा रुमालाखालच्या आपल्या हाताकडे बघत राहिला. त्याच्या कंपनीत यासाठी सात माणसं नेमलेली आहेत आणि त्यांतले दोघे परदेशी शिकून आलेत.

"कितीला दिला?" मी विचारलं.

"कसं सांगू, मामा?" तो म्हणाला. पोरगं लवकर शिकतं.

या गोष्टी आपल्याला नव्या नाहीत म्हणून फुशारकी मारावी असा माझा बेत नाही. पण हुंडीचंच बघा. शाहाजोग हुंडी फक्त बाजारात पत असलेल्या शहालाच वटायची, म्हणजे ओळख तपासणी आली. हुंडी हरवली तर 'पेठ' निघायची, तीही हरवली तर 'परपेठ', म्हणजे प्रतीची सोय आली. आणि जोखमी हुंडी तर माल सुखरूप पोचला तरच देणं लागायची. भाचा जिला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतो ती हीच, फक्त तिला वीज लागत नव्हती. जालन्याच्या पेठेची 'सोने का पालना' अशी ख्याती काही गाणं चांगलं म्हणून झालेली नव्हती. आबांना नव्या नाण्यांचंही अप्रूप नाही. त्यांच्या लहानपणी निजामाचा हाली होता, इंग्रजाचा कलदार होता. "एक गेला, मंग दुसरा गेला. हे तिसरं कव्हा जातंय तेवढं सांग."

नवं नाणं जालन्यात येऊन गेलेलंही आहे. 2023 च्या जानेवारीत एका क्रिप्टो गुंतवणुकीवरून शहरात असा राडा झाला की एका बाजूने डांबून ठेवल्याची तक्रार, दुसऱ्या बाजूने फसवल्याची. नावं मी घेत नाही, कोर्टकचेऱ्या त्यासाठी आहेत. मला त्यात कुतूहल वेगळंच वाटतं. गुंतवणूक विकेंद्रित होती, जगभर पसरलेली होती, तिला म्हणे मालक नव्हता. पैसे बुडाल्याची शंका येताच मात्र कुणी ब्लॉकचेनच्या साखळीवर शोध घेत बसलं नाही. सगळ्यांना घर माहीत होतं. पुण्यात तर याहून मजा. एका मोठ्या बिटकॉइन घोटाळ्याच्या तपासात मदत करायला पोलिसांनी दोन तज्ज्ञ घेतले, आणि जप्तीतली नाणी वळवल्याच्या आरोपावरून 2022 मध्ये त्याच दोघांना अटक झाली. विकेंद्रित जगात किल्ली ज्याच्या हातात, मालक तो. हा नियम त्यांना शिकवायची गरज पडली नसावी.

आता किल्लीचं. नव्या ओळखीची किल्ली म्हणजे बारा शब्द. 2048 इंग्रजी शब्दांची एक यादी आहे, तीतून यंत्र बारा उचलून देतं. ते कागदावर लिहून ठेवायचे, कुणाला दाखवायचे नाहीत, आणि हरवले तर देवही तुमचा पैसा परत देऊ शकत नाही. जपानी यादी आहे, कोरियन आहे, झेक आहे. मराठी नाही. असती तर मला शब्द मिळाले असते: वखर, सरकी, उधारी, मेहुणा, तगर, चावडी, ढेकूण, पंचनामा, मोसंबी, अंगारा, तलाठी, जांभई. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. इंग्रजी बारा मात्र मी लिहून कॅलेंडरमागे लावले आणि पाडव्याला घरात नवं कॅलेंडर आलं. पाचशे रुपयांचं ते नाणं आजही जगाच्या वहीत माझ्या नावाशिवाय, माझ्या मालकीचं, मला न मिळणारं असं पडून आहे.

सरकारी कागदही आता साखळीवर चढायला लागले आहेत. गडचिरोलीत एटापल्लीला 2022 मध्ये 65 हजार जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवायचं काम हाती घेतलं, म्हणजे बनावट दाखला चटकन पकडता येईल. चांगलं काम आहे. पण गंमत पाहा, जात ही एकच गोष्ट आहे जिच्यासाठी आपल्या गावांना कधी यंत्र लागलेलं नाही, सात पिढ्यांची सगळ्यांना तोंडपाठ. आणि कागदावर सिद्ध करायची वेळ आली की तीच कुणाला सापडत नाही. शेजारच्या अंबड तालुक्यात मराठा आरक्षणासाठी अंतरवाली सराटीचं उपोषण झालं त्या 2023 सालापासून मराठवाड्यात निजामाच्या काळातली दप्तरं उपसणं चाललंय. कोतवाल बुकात पणजोबांच्या नावापुढे मोडीत एक शब्द आहे की नाही, यावर पणतवाची फी ठरते. मोडी वाचणारे म्हातारे, ज्यांना काल कुणी चहा विचारत नव्हतं, त्यांना न्यायला गाड्या येऊ लागल्या. शंभर वर्षांपूर्वी एका कारकुनाने टाक बुडवला, किंवा कंटाळून नाही बुडवला. न खोडता येणाऱ्या वहीची ही दुसरी बाजू. तिच्यात चुकाही अमर होतात. नव्या माहिती संरक्षण कायद्याने 2023 मध्ये आपल्याला माहिती पुसून मागायचा हक्क दिला आणि ब्लॉकचेनवर पुसायचा रबरच नाही. म्हणून जाणते सांगतात, माणसाची माहिती साखळीवर चढवूच नका, फक्त तिची खूण चढवा. पेरूकाकांना हे कुणी पन्नास वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर.

जांबच्या ठोसरांच्या घरी कुळकर्ण होतं, म्हणजे गावाची नोंदवहीच त्या घरात. परंपरा सांगते की त्या घरातला बारा वर्षांचा नारायण, म्हणजे पुढचे रामदासस्वामी, लग्नाच्या मांडवात 'सावधान' ऐकताच सावध झाला आणि निघून गेला. अटी मान्य करायचं बटण दाबायच्या आधी त्या वाचणारा तो आमच्या माहितीतला पहिला आणि शेवटचा माणूस. नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षं, मग भ्रमंतीत बारा वर्षं, नाव बदललेलं, वेश बदललेला, राजपत्रात जाहिरात नाही. चोवीस वर्षांनी तो दारात भिक्षेकऱ्यासारखा उभा राहून हाळी देतो. घरातली माणसं ओळखत नाहीत. राणूबाई, त्याची आई, तिची दृष्टी गेलेली. ती आवाज ऐकते आणि विचारते, नारोबा आला का? कथा आहे, पुरावा मागू नका. पण ओळख पटवण्याची याहून चोख पद्धत मी तरी ऐकलेली नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये इथल्या मंदिरातल्या जुन्या मूर्ती चोरीला गेल्या, दोनेक महिन्यांनी त्या सापडल्या. रामरायाकडे आधार नव्हतं. गावाला ओटीपीही मागावा लागला नाही.

माणसांचं तेवढं सोपं नाही. लाडकी बहीण योजनेत हजारो पुरुष निघाले, तेव्हा 2025 च्या सप्टेंबरात सरकारने सगळ्या बहिणींची ई-केवायसी काढली. आमच्या वहिनी रात्री अकराला फोन घेऊन बसल्या, कारण दिवसा साइट झोपायची. त्यांचं आधार झालं, त्यांचा ओटीपी झाला, आणि मग यंत्राने नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागितलं. म्हणजे हैदराबादेच्या निजामापासून मुंबईच्या मंत्रालयापर्यंत राज्यं बदलली, पारावरचे आबा बदलून तिथे सर्व्हर बसला, तरी प्रश्न तोच. कुणाची गं तू? ज्यांना नवरा नाही आणि वडीलही नाहीत त्यांनी कुणाचा ओटीपी आणायचा, हे ठरेपर्यंत मुदत डिसेंबरअखेरपर्यंत गेली. आणि ओटीपी ही जी आपल्याकडची परमगुप्त गोष्ट, ती अंगणातून ओसरीवर ओरडून सांगायची असते. "आला का? किती?" "चार... सात... नऊ..." "मोठ्यानं बोल, ट्रॅक्टर चालूय!" आमच्या गल्लीत कुणाच्या खात्यात कधी शिरायचं ते शेजारच्यांना ऐकू येतं.

खरा खासगीपणा माझ्या आईकडे होता. तिची कनवट. त्यात किती आहे हे वडिलांना पन्नास वर्षांत कळलं नाही. कनवटीतलं पुढे ज्वारीच्या कणगीत जायचं, तिथून उडदाच्या डब्यात, तिथून जुन्या लुगड्याच्या घडीत. एकाच ठिकाणी सगळं कधीच नाही. मध्ये दलाल नाही, बँक नाही, वही नाही. बारा शब्द नाहीत, कारण तिला सगळं पाठ होतं. ही व्यवस्था हॅक झाली ती एकदाच, 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री. पाचशे-हजाराच्या नोटा बंद झाल्याचं टीव्हीवर ऐकून आई उठली, आत गेली आणि बऱ्याच वेळाने एक पुरचुंडी घेऊन बाहेर आली. साडेअकरा हजार निघाले. वडील नोटा बंद झाल्याने हबकले नव्हते. त्या नोटा होत्या याने हबकले होते. त्या आठवड्यात बँकेच्या रांगेत अशा कितीतरी बायका उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे उभे असलेले नवरे मोजणीच्या यंत्राकडे कान लावून होते.

भाच्याने आजीला आपली योजना सांगितली. "आजी, तुझी ओळख तुझ्याच हातात राहील. किल्ली तुझ्याचकडे."

"किल्ली तर माझ्याकडंच राहू दे," आई म्हणाली. "पर ती कनवटीला लावता आली पायजे."

त्याने वहीत टिपून घेतलं. पुण्यात गेल्यावर बैठकीत मांडणार आहे म्हणे.

गेल्या महिन्यात मी आईला केवायसीसाठी घेऊन गेलो. खात्याची ओळख नव्याने पटवा असा निरोप आला होता. केंद्र कुठलं ते सांगत नाही. तिथला पोरगा आमच्याच गल्लीत वाढलेला, आईच्या हातचे धपाटे खाऊन मोठा झालेला. त्याने आईचा अंगठा यंत्रावर ठेवला. नाही. साठ वर्षं कापूस वेचून, शेण सारवून बोटावरच्या रेषा उरल्यात कुठे? तर्जनी ठेवली. नाही. साबणाने हात धुवून आणला, पदराला पुसला, तेल लावलं. नाही. शेवटी तो ओशाळून म्हणाला, "काकू, तुमी तुमीच आहात हे यंत्र मानत नाही."

"मंग तू सांग की त्याला," आई म्हणाली.

आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं आहे. येताना आधारची झेरॉक्स आणायला सांगितली आहे, दोन प्रती.